ड्युटीवरच्या शिव्या: थेट निलंबन की 'जाऊ द्या ना साहेब'?

पांझराकाठ (धागाकर्ता)

आपल्या धुळे-जळगाव-नंदुरबारात पोलिसाच्या शिवीचे दोनच शेवट होतात. कुणाचा मोबाईल चालू नसेल तर काहीच होत नाही. चालू असेल तर संध्याकाळपर्यंत 'तडकाफडकी निलंबित'. बातमी येते, व्हॉट्सॲपवर टाळ्या पडतात आणि काही महिन्यांनी तोच माणूस दुसऱ्या ठाण्याला हजर होतो. ज्याने शिवी खाल्ली त्याला मधल्या काळात कुणी काही विचारलेलं नसतं.

मला हे दोन्ही शेवट चुकीचे वाटतात. का ते लिहितो, थोडं लांबेल.

चौकशीपुरतं केलेलं निलंबन ही मुळात शिक्षाच नाही. चौकशीत ढवळाढवळ नको म्हणून माणसाला बाजूला बसवायची ती सोय आहे. निलंबित पोलिसाला निर्वाह भत्ता मिळतो, पहिले तीन महिने साधारण अर्धा पगार, आणि चौकशी त्याच्यामुळे रखडली नसेल तर पुढे तो वाढतो. २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे ओढता येणार नाही. आता होतं काय, वरिष्ठ गर्दी शांत करायला आदेश काढतात, नव्वद दिवसांत कागद तयार होत नाहीत आणि माणूस कामावर परत. उद्या चौकशीत सुटला तर मधला पगारही मिळू शकतो. म्हणजे आपल्या पैशाने त्याला घरी बसवलं, आणि लोक म्हणतात 'कडक कारवाई झाली'.

दुसरी गोष्ट, कायद्यात पायऱ्या आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम २५ आणि त्यासोबतचे १९५६ चे शिक्षा व अपील नियम काढून बघा. ताकीद आहे, सेवापुस्तकात नोंद होणारा ठपका आहे, शिपायांसाठी जादा कवायत आहे, एका महिन्याच्या पगारापर्यंत दंड आहे, वेतनवाढ रोखणं आहे. त्याच्या वर पदावनती, सेवेतून काढणं, बडतर्फी. एवढं सगळं असताना आपल्याकडे वापर होतो तो सर्वात खालच्या पायरीचा, नाहीतर ज्याला पायरीच म्हणता येत नाही त्या चौकशीपुरत्या निलंबनाचा.

त्याच अधिनियमात कलम ६६ आहे, पोलिसांची जनतेविषयीची कर्तव्ये. झडती घेताना विनाकारण उद्धटपणा करू नये, बायका-मुलांशी वागताना सभ्यता आणि सौम्यपणा ठेवावा, असं त्यात स्पष्ट आहे. तेव्हा 'पोलिसी भाषा अशीच असते' म्हणणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

माझं म्हणणं इतकंच की शिक्षा लहान असली तरी चालेल, पण ती ठरलेली, लेखी आणि लवकर हवी. कुणाला बोलला, कुठे बोलला, काय बोलला आणि आधी किती वेळा बोललाय, हे बघून ती ठरावी. व्हिडिओ किती लोकांनी पाहिला यावरून नको. खात्यातली मंडळी आणि वकील मंडळी इथे आहेतच, बोला.

सावदेकर

आमचा धंदा केळीचा. ट्रक भरला की घड्याळ सुरू, माल थांबला की पिकला. मागच्या हंगामात बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रात्री गाडी अडवली. ड्रायव्हर मध्य प्रदेशातला, वयाने मोठा, क्लीनर मिसरूडही न फुटलेला. कागद सगळे बरोबर. ड्रायव्हरने फक्त विचारलं, 'साहेब, दंड कशाचा? पावती द्या.' तिथून जी आई-बहीण सुरू झाली ती थांबेना. बॅटरी तोंडावर मारलेली आणि शिव्या चालू. पोरगा खाली मान घालून ताडपत्रीची दोरी घट्ट करत राहिला, ती आधीच घट्ट होती.

मी केबिनमध्ये मागच्या फळीवर आडवा होतो. उठून बसलो, पांढरा सदरा दिसला. लगेच बॅटरी बंद. 'अरे आबा, तुम्ही आहात होय गाडीत! सांगायचं ना. जाऊ द्या रे गाडी.'

म्हणून ड्युटीचा ताण, झोप नाही, हे मला सांगू नका. जिभेला लगाम होता की त्याच्या. फक्त समोरचा कोण ते बघून तो लागत होता.

निवृत्त जमादार

सावदेकर आबा, पटलं. लगाम असतो. मी खात्यातून सहायक फौजदार म्हणून सुटलो, तेव्हा आतलं सांगतो, दोन्हीकडून शिव्या खायची तयारी ठेवून.

आमची भरती झाली तेव्हा कवायत घेणाऱ्यांनी पहिल्या सकाळी आमची नावं विचारण्याआधी आमच्या आया काढल्या. नऊ महिने तेच ऐकलं. ठाण्यात आलो तर हजेरीला प्रभारी अधिकारी तेच. बंदोबस्तात सेक्टरवर साहेबांची गाडी आली की काच खाली व्हायची आणि तेच. सारंगखेड्याच्या यात्रेत पहाटेपासून उभे असायचो, लघवीला जायची सोय नाही, जेवणाचं पाकीट चार वाजता यायचं, तेही वासाळलेलं. आणि मग एखादा घोडेवाला नको तिथे घोडा घालायचा. हे कारण म्हणून सांगत नाही. शिवी कुठून खाली येते तो रस्ता सांगतो.

शिक्षा मात्र खालून वर कधी जात नाही. रीत अशी: प्रभारी अधिकारी कसुरी रिपोर्ट पाठवतो. शिपाई टोपी-पट्टा नीट करून 'ओआर'ला, म्हणजे ऑर्डरली रूमला साहेबांसमोर, उभा राहतो. साहेब विचारतात, 'काय म्हणणं आहे?' शिपाई म्हणतो, 'चुकलो साहेब.' दंड झाला, पुढचा. तक्रारदाराचा अर्ज त्या फायलीत असतो, पण तो कुणी उघडून वाचलेला मी क्वचित पाहिला. शिपायाचंही खरं म्हणणं कुणी ऐकत नाही, कारण लांब बोललं तर दंड वाढतो हे त्याला माहीत असतं. हा न्याय कुणासाठीच नाही.

आणि एक शिक्षा नियमात नाहीच, तरी सर्वांत जास्त तीच चालते. कंट्रोल जमा. तोंडी हुकूम, आजपासून मुख्यालयात हजर राहा. मुलांच्या शाळा चोपड्याला, बाप जळगावला बाकावर. कारण लिहिलेलं नाही, मुदत नाही, म्हणून अपीलही नाही. चांगला माणूस यात जळतो आणि वशिल्याचा आठवड्यात परत येतो. पांझराकाठ भाऊ, तुमच्या यादीत हे नव्हतं म्हणून लिहिलं.

पोलिसांना युनियन करता येत नाही, १९६६ चा कायदा आहे. साहेबाने आईवरून शिवी दिली अशी शिपायाने तक्रार केली तर चौकशी शिपायाचीच लागते, बेशिस्तीची.

शेवभाजी

साहेबाची ती 'सूचना', शिपायाची ती 'गैरवर्तणूक'. चालू द्या.

गिरणाकाठ

सगळे पुस्तकी बोलताहेत. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेसमोर जाऊन 'कृपया बाजूला व्हा' म्हणून बघा एकदा. पिऊन तर्र झालेली दीडशे पोरं, मध्ये दोन शिपाई आणि एक होमगार्ड. तिथे आवाज चढणारच आणि तोंडातून काहीतरी निघणारच.

शिवाय आपला मुलूखच तसा. माझी आजी कलेक्टर आला तरी 'बैस रे भाऊ' म्हणेल. अहिराणीत अरे-तुरे चालतंच, त्यात अपमान नसतो. प्रत्येक एकेरी शब्दावर तक्रार घ्यायची ठरवली तर अर्ध्या धुळे जिल्ह्याला कारणे दाखवा नोटीस काढावी लागेल. पोलिसाचा धाकच गेला तर उद्या तुम्हीच बोंबलाल.

पांझराकाठ

गिरणाकाठ, एकेरीवर मी बोललोच नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तिथल्या पोलिसांना अशा हलक्या संबोधनांवरूनही झापलं होतं, पण आपल्याकडे तिथून सुरुवात केली तर पहिला मीच अडकेन. आई-बहीण ही काही अहिराणी नाही, ती सगळ्या महाराष्ट्रात एकच आहे.

मिरवणुकीचा मुद्दा मात्र मान्य. गर्दीत, धक्काबुक्कीत, कुणा एकाला उद्देशून नसलेली शिवी सुटली तर तिला ठाण्यात बाकावर बसवलेल्या माणसाला शांतपणे दिलेल्या शिवीच्या बरोबरीने मोजू नये. 'कुठे बोलला' हे मी त्यासाठीच घातलं. आणि धाकाचं म्हणाल तर ज्या अधिकाऱ्यांचा खरा धाक होता त्यातले बरेच मला मोजकं बोलणारे आठवतात.

ॲड_तापी

थोडं कायद्याचं. कंटाळवाणं वाटलं तर पुढे सरका.

शिवीसाठी नोकरी घालवावी का, यावर सर्वोच्च न्यायालय दोन्ही बाजूंनी बोललंय. १९८२ मध्ये रमाकांत मिश्रा खटल्यात, वरिष्ठाशी धमकीवजा भाषा वापरली म्हणून बडतर्फ झालेल्या कामगाराची शिक्षा फार जड ठरली आणि ती दोन वेतनवाढी रोखण्यावर आणली गेली, कारण आधीची नोकरी स्वच्छ होती. २००५ मध्ये महिंद्र कंपनीच्या खटल्यात मात्र सुपरवायझरला घाणेरड्या शिव्या देणाऱ्याची बडतर्फी कायम झाली. दोन्हीत शिवी खालून वर गेलेली होती, हे ध्यानात घ्या. पोलीस नागरिकाला देतो ती वरून खाली येते, मागे दंडुका आणि कोठडी असते. मी न्यायाधीश असते तर हे वजन वाढवणारं कारण धरलं असतं. पण वर्तणूक आणि शिक्षा यांचं प्रमाण धक्कादायक असू नये हा नियम पोलिसालाही लागू आहे, आणि पहिल्याच शिवीला बडतर्फी दिली तर ती मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) टिकणं अवघड.

फौजदारी बाजू लोकांना वाटते तितकी सोपी नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. शांतताभंग होईल असा हेतुपुरस्सर अपमान म्हणजे कलम ३५२ (जुनं ५०४), तो अदखलपात्र, कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, म्हणजे ठाण्यात एन.सी. लिहून तुमच्या हातात कागद. कुठल्या ठाण्यात? त्याच! सार्वजनिक जागी अश्लील शब्द म्हणजे कलम २९६, पण मार्च २०२४ मध्ये एका वेबमालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की नुसती शिवी म्हणजे अश्लीलता नव्हे. म्हणून रस्ता खात्यातल्या शिस्तीचाच आहे आणि तो नीट असणं गरजेचं आहे.

पोलीस तक्रार प्राधिकरण हा पर्याय कुणी सांगेल म्हणून आधीच लिहिते. पोलीस सुधारणांवरच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर आपल्याकडे २०१४ मध्ये कायदा बदलून राज्य आणि विभाग पातळीवर प्राधिकरणं आली. त्यांच्या यादीत कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणं असे विषय आहेत. शिवी एकटी त्यात बसत नाही. 'अधिकाराचा दुरुपयोग' या शेवटच्या कलमातून घालता येते, पण सोबत बेकायदा अडवणूक किंवा मारहाण असेल तरच ती तग धरते.

विभागीय चौकशी कुठे फसते तेही सांगते. दोषारोपपत्र मिळतं, चौकशी अधिकारी नेमला जातो, साक्षीदारांना समन्स जातं. तोपर्यंत तक्रारदाराकडे दोन माणसं येऊन बसलेली असतात, एक गावचा पुढारी आणि एक नातेवाईक. 'त्याची लेकरं लहान आहेत' म्हणतात. माफीनामा होतो. तक्रारदार जबाब फिरवतो आणि दोष 'सिद्ध होत नाही'. विभागीय चौकशीला कोर्टासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचा तोल पुरतो, पण तोंड बंद केलेल्या साक्षीदारावर तोल तरी कसा जाणार?

मोलगीकर

मी सातपुड्यात शिक्षिका आहे. वर फक्त शिव्यांबद्दल चाललंय म्हणून लिहिते.

आमच्या शाळेतल्या मुलीचे आजोबा मोटारसायकल चोरीची तक्रार द्यायला गेले, सोबत मी. ते पावरीत सांगत होते, मी मध्ये मराठी करत होते. टेबलामागचा माणूस वहीतून मान वर न काढता म्हणाला, 'माणसाच्या भाषेत बोलायला सांगा त्याला.' नंतर एक शब्द जातीवरून आला, तो इथे लिहीत नाही. म्हाताऱ्याला मराठी तेवढं कळतं. त्यांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि 'मॅडम चला' म्हणाले.

'माणसाच्या भाषेत बोल' यात शिवी कुठे आहे? एकही घाण शब्द नाही. पण माझ्या मते आई-बहिणीपेक्षा ते भयंकर. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातीचे आहेत, तिथल्या ठाण्यात हे बोललं जातं. म्हणून बंदी असलेल्या शब्दांची यादी करून भागणार नाही. माणूस काय म्हणत होता ते बघा.

आणि चौकशीला तक्रारदाराने घाट उतरून दिवसाची मजुरी बुडवून मुख्यालयी यायचं, समोर साहेब, बाजूला तोच पोलीस, आणि भाषा मराठी. कोण येईल?

ॲड_तापी

मोलगीकर ताई, जातीवरचा शब्द हा वेगळा खण आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(१)(र) आणि (स) तिथे लागतं, पण 'लोकांच्या नजरेसमोर' ही अट आहे. ठाण्याच्या खोलीत फक्त पोलीसच असतील तर बचाव तिथेच उभा राहतो. तुम्ही तिथे होतात, हे महत्त्वाचं आहे. आणि त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये तक्रार घ्यायला टाळाटाळ करणाऱ्या लोकसेवकालाही शिक्षा आहे, फक्त तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसावा.

निवृत्त जमादार

ताई, यात माफीनामा चालू देऊ नये, इतकंच म्हणतो. बाकी शिवीवर दोघांनी हात मिळवले, चहा प्यायले, मी पाहिलंय आणि काही वेळा ते बरंही झालंय. रागात बोललेला माणूस दुसऱ्या दिवशी खरंच खजील असतो. पण हे वेगळं.

पांझराकाठ

सगळ्यांचं वाचून माझं मत थोडं पक्कं झालं, थोडं हललं.

गर्दीतली, कुणावर न रोखलेली पहिली शिवी: लेखी ठपका, महिन्याभरात, आणि तक्रारदाराला त्याची लेखी कळवणी. कंट्रोल जमा बंद. बदली करायची तर कारण कागदावर लिहा. ताब्यातल्या, अडवून ठेवलेल्या किंवा तक्रार घेऊन आलेल्या माणसाला दिलेली शिवी जड धरा, कारण तो उठून जाऊ शकत नाही. तिथे दंड किंवा वेतनवाढ. सावदेकर आबांच्या बॅटरीवाल्याला मी याच खणात टाकतो. पुन्हा केलं तर वेतनवाढ कायमची रोखा, बायको घरी विचारेल तेव्हा त्याला कळेल. जात, जमात, बाई म्हणून हिणवणं: पूर्ण विभागीय चौकशी आणि गुन्हा, तडजोड नाही. निव्वळ शिवीवर बडतर्फी मात्र नको, ती या शेवटच्या खणासाठी आणि सराईतांसाठी राखून ठेवा. जबाब तक्रारदाराच्या गावी, त्याच्या भाषेत घ्या.

जमादार नानांचं वरचं टोक राहिलं. ज्या ठाण्यात वर्षात तीन शिपायांना ठपका बसला तिथल्या प्रभारी अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात ते उतरायला हवं. हे होईल का, मला शंका आहे, पण मागायला काय जातं.

गिरणाकाठ

वेतनवाढ कायमची? फार होतं. दोन वर्षांची ठेवा. बाकी ठीक. बायकोचं मात्र पटलं.

शेवभाजी

गिरणाकाठ बदलले. नोंद घ्या.

सावदेकर

वकील ताई, एक विचारतो. माझ्या ड्रायव्हरचं अजून काही करता येईल का? तो तारखेला मध्य प्रदेशातून येणार नाही, रस्त्यावर कॅमेरा नाही.

ॲड_तापी

आबा, तुम्ही स्वतः ऐकलंत ना? मग साक्षीदार तुम्हीच. पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज द्या, टपाल शाखेत पोहोच घ्या. तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर, त्या रात्री तिथे नाकाबंदी कुणाची होती ते विचारा. ठाण्यातला प्रसंग असता तर सांगितलं असतं की फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी टाका. २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासकट सीसीटीव्ही आणि किमान वर्षभराची साठवण सांगितली आहे. आवाजासकट हे लोकांना माहीतच नसतं. स्वतः रेकॉर्डिंग करायला घाबरणाऱ्यांसाठी: नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलंय की शासकीय गुपिते कायद्यात पोलीस ठाणं 'निषिद्ध जागा' नाही.

आणि सर्वांत मोठी चूक टाळा. लोक अर्जात 'अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली' एवढंच लिहितात. त्यावर काही सिद्ध होत नाही. काय शब्द वापरले ते जसेच्या तसे लिहा.

सावदेकर

जसेच्या तसे? अर्ज टाईप करायला माझी सून बसते हो.

ॲड_तापी

हाताने लिहा आबा. चालतं.